चोवीस कोटींचं डोकं

लेकशोर रोड,
मंगळवार, १८ मार्च

ती. बाबांस,
रीसचा शि. सा. न. वि. वि.

बातमी टीव्हीवरून कळलीच असेल, पण मोठी गोष्ट हाताने लिहूनच कळवायची हा तुमचा नियम, म्हणून बसलो आहे. शुक्रवारी सही केली. पाच वर्षं, चोवीस कोटी डॉलर. त्यातले चौदा कोटी मी उद्या पाय मोडून घरी बसलो तरी मिळायचे आहेत. सही करताना हाताला इतका घाम होता की पेन निसटलं. माझा एजंट म्हणाला, बाबा रे, चेंडू असा निसटू देऊ नकोस, नाहीतर आजच कागद फाडतील.

तुमची सून नोएल म्हणते, आता तरी बाबांना त्या गळक्या छपराखालून बाहेर काढ. तळ्याच्या बाजूच्या तीन खोल्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, तरी विचारतो.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. काल सियोनेला संघाने सोडलं. सहा वर्षं तो माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला. उजव्या हाताने फेकायला वळलो की डावीकडचं मला काही दिसत नाही. तिकडून कोण अंगावर येतंय ते सियोने बघायचा आणि अडवायचा. मॅनेजर म्हणाले, दोघांना देण्याइतकी जागा पगाराच्या मर्यादेत उरली नाही. सियोनेनेच फोन करून माझं अभिनंदन केलं, वर म्हणाला की आता हेल्मेटला आरसा लावून घे. थट्टाच केली त्याने.

गुडघ्याला शेक देत चला. माझ्यावर रागवायचं तेवढं रागवा, माया मात्र कमी करू नका.

आपला,
रीस


टॅनर्स रन, पेनसिल्व्हेनिया
शनिवार, २९ मार्च

चि. रीस यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अभिनंदन. काल गावच्या अग्निशमन दलाच्या फायरहॉलमध्ये लेंटच्या उपासातल्या शुक्रवारचे मासे तळत होतो, तर रांगेतल्या प्रत्येकाने येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. पाठ अजून हुळहुळते आहे. डॉमिनिक न्हाव्याने मला म्हाताऱ्यांची सवलत द्यायचं बंद केलं. म्हणाला, कोट्यधीशाच्या बापाला कसली सवलत! घराचं विचारू नकोस. छप्पर गळतं ते माझ्या ओळखीच्या जागी गळतं, तिथे मी बादली ठेवतो.

आता माझा राग ऐक. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आणि शाळा सुटल्यावर पोरांना फुटबॉल. हिशेबात कच्चा आहे, पण एवढं मलाही समजतं. पगारासाठी लीगने सगळ्या संघांना एकच मर्यादा घातली आहे. पातेलं तेवढंच. त्रेपन्न जणांच्या पंगतीत सहावा वाटा एकाच्याच ताटात पडला, की कुणाच्या तरी वाट्याला खरवड येणार. ती आली तुझ्यापुढे छाती लावून उभ्या राहणाऱ्यांच्या. ज्याला जपायचं म्हणून एवढे पैसे मोजले, त्याला जपणाराच त्या पैशांपायी घालवला. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

डॉमिनिक माझ्याशी भांडला. त्याचं म्हणणं, चांगल्या क्वार्टरबॅकशिवाय, म्हणजे तुझ्यासारख्या चेंडू फेकणाऱ्याशिवाय, संघ म्हणजे इंजिन नसलेली गाडी, तेव्हा मागेल ते द्यावंच लागतं. असेल बाबा. संघाला सौदा परवडला की नाही ते संघ बघेल. तुला परवडला की नाही, ते मी बघणार आहे.

सियोनेच्या जागी कोण उभा राहणार, ते आधी कळव. नोएलला आशीर्वाद. म्हातारा कटकट करतो म्हणून पत्रं कमी करू नकोस.

तुझा,
बाबा


सराव शिबिर,
मंगळवार, ५ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या उशिरा देतो आहे, कारण उत्तरच परवा ठरलं. सियोनेच्या जागी वेंडेल आला आहे. बावीस वर्षांचा, नुकताच कॉलेजातून आलेला, स्वस्तात मिळालेला. स्वभावाने फार गोड. सरावात त्याला चकवून कुणी माझ्यापर्यंत पोचलं की माझी माफी मागतो. काल अकरा वेळा मागितली.

बाकी मजेत. हंगामाआधीची डोक्याची परीक्षा झाली. तीच, आमच्या शाळेत होती तसली. कॉम्प्युटर शब्द दाखवतो, आकृत्या दाखवतो आणि थोड्या वेळाने काय काय आठवतं ते विचारतो. हे मार्क जपून ठेवतात आणि पुढे कधी डोकं आपटलं की नव्या मार्कांशी ताडून बघतात. मी अर्थातच तुमची जुनी युक्ती केली. वीसपैकी नऊ शब्द मुद्दाम विसरलो, आकृत्या उलट्यापालट्या केल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं की रात्री झोप झाली नाही का. आता पुढे खरंच काही विसरलो तरी मार्क उतरलेले दिसायचे नाहीत आणि मला बाहेर बसवता यायचं नाही. इथे निम्मी पोरं हेच करतात, पण तुमच्याइतकं पद्धतशीर त्यांना कुणी शिकवलेलं नाही. शेवटी कोच एमिल वॉसिकचा, तुमचाच, पठ्ठ्या आहे मी!

नोएलला यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका. सप्टेंबरात सामने सुरू होतील. फायरहॉलमध्ये पुढची खुर्ची धरा आणि आशीर्वाद पाठीशी असू द्या.

आपला,
रीस


टॅनर्स रन,
मंगळवार, ७ ऑक्टोबर

चि. रीस यास,
अ. उ. आ.

परवाचा सामना पाहिला. तिसऱ्या डावात वेंडेलचा पाय घसरला आणि डावीकडून तो धिप्पाड गडी तुझ्यावर आला. तुला तो दिसलाच नाही. तुझं डोकं मागच्या बाजूने जमिनीवर आपटलं. मग तू उठलास आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिलास. फायरहॉलमध्ये सगळे हसले. मी हातातली कॉफी खाली ठेवून टीव्हीजवळ गेलो.

तुला तपासायला मैदानाकडेच्या निळ्या तंबूत नेलं. थोड्या वेळात बाहेर आणलं, आणि टीव्हीवरचा बोलका म्हणाला की तपासणी झाली, सगळं ठीक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी तपासणी कशाशी ताडून केली हे ठाऊक असलेला त्या हॉलमध्ये मी एकटाच होतो.

ती युक्ती मी तुम्हाला हंगामाआधीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, बसमध्ये शिकवली होती. पोरं खिदळत होती आणि मीही. मला वाटलं, मी तुमचा शुक्रवारचे सामने वाचवतोय. तुम्ही सतरा वर्षांचे होतात, मी एकावन्नचा. म्हणजे अक्कल कुणाकडे असायला हवी होती, ते सांगायला नको.

डॉमिनिकच्या दुकानात काल म्हणत होते की चोवीस कोटी घेतल्यावर उठून उभं राहायला काय जातं. मी अर्धी दाढी झालेली तशीच ठेवून बाहेर पडलो.

आता तूच डॉक्टरीणबाईंना सांग की ऑगस्टमधले मार्क खोटे होते. माझं नाव घे, खुशाल घे. उलटटपाली कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझा,
बाबा


लेकशोर रोड,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमचं पत्र मी कुठेतरी नीट ठेवलं होतं, ते आता सापडत नाही. त्यात तुम्ही काहीतरी विचारलं होतं, ते डोक्याचंच असणार. मी ठीक आहे. त्यानंतर दोनदा आपटलो, दोन्ही वेळा तपासलं, मार्क ऑगस्टएवढेच आले. एकदा तर एक शब्द जास्त आठवला.

इथे पहिला बर्फ पडला. नोएलने गाडी मागे घेताना पत्रपेटीच आडवी केली आणि दोष बर्फाला दिला. आम्ही खूप हसलो.

खरं सांगू? सकाळी पडदे उघडले की मळमळतं. हे बोलायचं कुणाजवळ? वर्षाला तीस हजार डॉलर पगार घेणाऱ्याला म्हणता येतं की आज डोकं दुखतंय, येत नाही. इतके पैसे घेतल्यावर तेवढं म्हणायला तोंड राहत नाही. सगळं शहर माझ्या नावाचे सदरे घालून फिरतं. एजंट म्हणतो, दोन महिने काढ. प्रशिक्षक म्हणतात, आपण जिंकतोय. वेंडेल अजून माफी मागतो. मी त्याला म्हटलं, माफी राहू दे, तू फक्त उभा राहा.

इथे पहिला बर्फ पडला. नोएलने गाडी मागे घेताना पत्रपेटीच आडवी केली. दोष बर्फाला दिला. आम्ही खूप हसलो.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला या. लोभ आहेच, तो

आपला,
रीस


टॅनर्स रन,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. रीस यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून मी तीनदा वाचलं. बर्फाची आणि पत्रपेटीची गोष्ट तू त्यात दोनदा सांगितली आहेस. ओळीही उजवीकडे उतरत गेल्या आहेत. तू लहानपणी पट्टी न घेता सरळ ओळ लिहायचास, त्याचं मला कोण कौतुक होतं.

काल मी दोन पत्रं रजिस्टरने पाठवली. एक तुमच्या डॉक्टरीणबाईंना, दुसरं लीगने नेमलेल्या, संघाशी संबंध नसलेल्या मेंदूच्या डॉक्टरांना. ऑगस्टमधले मार्क मुद्दाम कमी केलेले आहेत, ही विद्या मी शिकवली, आणि एकट्या तुला नाही, चारशेएक पोरांना शिकवली, असं लिहून खाली सही केली. ती चारशे पोरं आज कुठे काय विसरत असतील, या विचाराने आठवडाभर अन्न गोड लागलेलं नाही.

मला माहीत आहे यातून काय होईल. तू फसवलंस असं म्हणून ते करार मोडतील, चौदा कोटी परत मागतील, वर्तमानपत्रं तुझी सालटी काढतील. तू माझं तोंड बघणार नाहीस. बघू नकोस. मी तुला तळमळून सांगतो, माझ्यावर जन्मभर रागावलेला मुलगा मला चालेल. मला न ओळखणारा मुलगा चालणार नाही.

नोएलला हे पत्र वाचायला दे. तिच्यापासून लपवण्यात मी तुला साथ दिली, त्याबद्दल तिची माफी मागतो.

तुझाच,
बाबा


लेकशोर रोड,
मंगळवार, २ डिसेंबर

ती. बाबांस,
सौ. नोएलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. डॉक्टरांना लिहिलेली तुमची दोन्ही पत्रं शुक्रवारी, २१ तारखेलाच पोचली होती. डॉक्टरीणबाई संघाबरोबर बाहेरगावी होत्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं कार्यालय सोमवारी उघडलं. मधला रविवार सामन्याचा. त्या रविवारी त्याचं डोकं पुन्हा आपटलं आणि त्याला उचलून न्यावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. मोठ्या गोष्टी तुम्ही हाताने लिहूनच कळवता, हे मला माहीत आहे. पण बाबा, या वेळी फोन करायला हवा होता. हे एकदा लिहिते, पुन्हा कधी काढणार नाही.

आता त्याला पुन्हा खेळू देणार नाहीत. या हंगामात नाही आणि बहुधा कधीच नाही. वकील करारावर भांडत आहेत, पैसे राहतील की जातील कोण जाणे. सियोने दोनदा येऊन गेला. रीसने त्याला ओळखलं, मिठी मारली आणि विचारलं की आज सरावाला का नाही आलास. सियोने बाहेर जाऊन गाडीत बसून रडला.

त्याला लिहिलेलं तुमचं पत्र गेल्या मंगळवारी आलं. त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. फार चिडला. बाबांनी घात केला, आता त्यांचा माझा संबंध संपला, असं म्हणून वर निघून गेला. तासाभराने खाली आला, टेबलावर पत्र दिसलं, आणि बाबांचं पत्र आलं म्हणत आनंदाने उघडलं. पुन्हा तितकाच चिडला. तेच शब्द, तोच जिना. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा चिडला नाही, रडला. त्यानंतर मी ते पत्र माझ्या कपाटात कुलपात ठेवलं.

तो तुमच्यावर रागावलेला नाही. तसा राग धरून ठेवणं आता त्याला जमत नाही. आज सकाळपासून चारदा विचारून झालं की बाबांचं पत्र कसं नाही. तेव्हा लगेच एक लिहा. त्यात यातलं काहीच नको. डॉमिनिकने काय टोमणा मारला, मासे किती खपले, छप्पर कुठे गळलं, एवढंच असू द्या. एक पानही पुष्कळ झालं, कारण तो ते रोज नव्याने उघडणार आहे.

तुमची,
नोएल