तिनेकेबाईंचं पातेलं

एन्कहाउझेन, हॉलंड
दि. १९ ऑक्टोबर २०२५

ती. शिवकन्या आत्यास,
प्रीतीचा सविनय जयभीम. वि. वि.

खरं तेच लिहायची तुझी अट मान्य. फोनवर मी सगळ्यांना मजेत आहे म्हणते, कारण तिकडं बाबा कान देऊन बसलेले असतात. म्हणून कागदावर लिहायचं आणि फोटो फक्त तुला पाठवायचा. तर घे.

चांगलं आधी. इथलं काचघर एवढं मोठं आहे की आष्टीचा अख्खा आठवडी बाजार आत भरेल. बाहेर बोचरा वारा, आत आपल्या फाल्गुनासारखी ऊब. मिरचीच्या एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायचं क्रॉसिंग मी जालन्याच्या बियाणं कंपनीत शिकले तसंच इथंही चिमट्यानं करतात. माझा हात बघून साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. सायकल मात्र ऐकत नाही. परवा वाऱ्यानं मला ढकलत कालव्याच्या कठड्यावर नेऊन टेकवलं. एका आजोबांनी चेन बसवून दिली आणि सीट एवढी उंच ठेवतात का म्हणून वर मलाच रागावले.

आता वाईट. घरमालकीण तिनेकेबाई खाली राहतात, मी माडीवर. स्वयंपाकघर एकच. मी आले त्या दिवशी त्यांनी निळ्या काठाच्या पातेल्यात वाटाण्याचं गरम सूप वर आणून दिलं होतं. तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता महिना झाला, त्या धड बोलत नाहीत. मध्ये एकदा त्यांनी जिन्यात पातेल्याचं विचारलं, तेव्हा मी दोन दिवसांत देते म्हणाले. पण रिकामं कसं देणार? पुरणपोळी इथल्या पिठाची फाटली, शंकरपाळे दगड झाले. काहीतरी धड जमलं की देईन.

पण मागच्या आठवड्यात त्यांनी आपली बाकीची भांडी कपाटात ठेवून किल्ली लावली. आजीला पाटलांच्या ओट्यावर कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा, हे तू सांगायचीस. ती किल्ली बघून मला तो कप आठवला. माझ्या फोडणीचा वास सोसत नसेल म्हणून फोडणीही बंद केली. सध्या पाव आणि दही.

आत्या, माझा करार डिसेंबरात संपतो. पुढच्या वर्षाचं नोव्हेंबरअखेर सांगायचं आहे. मी नको म्हणणार आहे. बाबांशी भांडून तू मला पाठवलंस, तेव्हा त्यांना तूच समजाव. लोभ आहेच, तो रागानं कमी करू नकोस.

तुझी,
प्रीती

आष्टी, ता. परतूर
दि. २३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडं सर्व ठीक. शेजारचे पुंजाराममामा रोज विचारून राह्यले की हॉलंडात भाकरी भेटते का न्हाई. तुझे बाबा रोज सकाळी मोबाइलवर तिथलं हवामान बघतात आणि इथं स्वेटर घालून बसतात.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोरी, एमएस्सी झालीस, पण एवढं कळलं नाही? आपल्या आष्टीत सुतार दोन दिवस म्हणाला की आपण दिवाळी धरून चालतो. ती बाई खरोखर दोन दिवस धरून बसली असणार! महिनाभर पातेलं अडकवून ठेवलंस, मग राहिलेली तरी वाचवावीत म्हणून तिनं किल्ली लावली असेल. उसनं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत. ती तिला कुणी सांगितली?

आता त्या कपाचं. ते माझ्या आईनं सोसलं, मी डोळ्यांनी बघितलं. तुला तसं वाटलं यात तुझी चूक नाही, आपल्याला असंच वाटणार. पण म्हणूनच मला फरक कळतो. ज्याला विटाळ होतो, तो आपलं पातेलं माडीवर पाठवत नाही. हे लक्षात घे.

पुरणपोळीची वाट बघू नकोस. माझी आई घरात काही नसलं की चिमूटभर साखर टाकून भांडं परत करायची. तू पण तेच कर, आजच. आणि किल्लीचं तोंडावर विचार. तिनं वाईट उत्तर दिलं तर खुशाल ये, मी स्टेशनला घ्यायला येते. पण न विचारता येऊ नकोस. पोटाला नीट खा. माया जशी होती तशीच आहे, तिची काळजी करू नकोस.

तुझी,
शिवकन्या आत्या

एन्कहाउझेन
दि. २६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू जिंकलीस!

पातेलं घासलं, साखर टाकली आणि खाली गेले. तिनेकेबाईंनी झाकण काढून बराच वेळ बघितलं आणि सूप गोड हवं होतं का असं विचारलं. मी रीत सांगितली. तशा त्या खुर्चीत बसल्या आणि मला चांगलं झापलं. ते पातेलं त्यांच्या आईचं होतं. मी फोडलं असणार आणि कबूल करत नाही, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्याकडं दोन दिवस म्हणजे दोनच दिवस, आणि जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, असं म्हणाल्या.

मग मीही स्पष्ट सांगितलं. किल्लीचं, फोडणीचं आणि आजीच्या कपाचंही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. एवढं मनात ठेवून मी त्यांच्याच घरात राहत होते, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी कपाट उघडलं, आईचे दोन एकसारखे कप काढले, कॉफी केली आणि एक माझ्यापुढं ठेवला. आत्या, मी रडले.

जिऱ्याचा वास बंद झाला तेव्हा मी बाहेर जेवते असं त्यांना वाटत होतं. आज वरण आणि ठेचा केला. त्यांनी तो ठेचा पावाला लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितला. मला आता राहावंसं वाटतंय. पण तुझं आणि बाबांचं ऐकल्याशिवाय होकार देणार नाही. बाबांना तू हळूच विचार. उत्तराकडं डोळे लावून बसले आहे.

तुझी,
प्रीती

आष्टी
दि. २९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र तुझ्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा गोठ्यात जाऊन आला आणि विचारलं की ती बाई ठेचा खाते तर तिला इथून मिरची पाठवता येईल का. हा त्याचा होकार समज.

आता माझं ऐक. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मी समजूतदारपणे विचार करत बसले नव्हते. मला आनंद झाला होता. डिसेंबरात पोरगी घरी येणार म्हणून त्याच दिवशी तुझी गादी उन्हात टाकली. शहाणपणाचं उत्तर लिहायला चार दिवस लागले, कारण तू यावंस असंच वाटत होतं. तू गेल्यापासून मला घरात करमत नाही. हे कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

गादी मी परत घडी करून ठेवली. तू राहा.

तुझीच,
आत्या