मास्तरांची जागा

४ मार्च
आज कामावर रुजू झाले. निघताना आत्याने दारात थांबवून माझी कॉलर नीट केली, जणू मी पहिलीच्या वर्गात चाललेय. या गावात ती एकटीच राहायची, आता मी तिच्याकडे राहायला आलेय, त्यामुळे माझ्या नोकरीचा आनंद माझ्यापेक्षा तिलाच जास्त.

ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. खालून दिवसभर दात कोरण्याचा आवाज येतो, तेव्हा इथे कुणाला डुलकी लागायची भीती नाही. स्वतःची वेबसाइट बनवणाऱ्यांना आम्ही सल्ले देतो. रंग किती वापरावेत, अक्षर केवढं ठेवावं, फुकटचे फोटो कुठे मिळतात, पान उघडायला वेळ का लागतो. ऑफिसात माणसं दोनच, मी आणि साहेब.

खिडकीजवळची खुर्ची मला मिळाली. ही मास्तरांची जागा, असं साहेब म्हणाले. मास्तर म्हणजे इथले जुने लेखक, हल्ली तब्येतीमुळे घरीच असतात. मी हे काम शिकले तेच त्यांचे लेख वाचून. ‘फोटो हलका करा, गिऱ्हाईक उंबऱ्यावर ताटकळत नाही’ हे वाक्य तर मी भिंतीवर चिकटवलं होतं. त्यांच्या खुर्चीत बसताना हात जोडावेसे वाटले.

११ मार्च
नवे लेख मी लिहिते. वाचकांच्या प्रश्नांना मात्र अजून मास्तरच उत्तरं देतात, तीही लगोलग. एका शिंप्याने विचारलं होतं की फोनवर माझं बटण कुणी दाबत का नाही. मास्तरांनी लिहिलं, बोट ठेवायला जागा द्या, ते बटण आहे की तीळ? मी एकटीच हसत बसले. आजारी माणूस एवढं कसं करतो, असं साहेबांना विचारलं. कामाच्या माणसाला काम नसलं की तो आजारी पडतो, असं त्यांचं म्हणणं.

१९ मार्च
मास्तरांच्या बायको आल्या होत्या. त्यांना पाहताच साहेब काचेच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. काकू माझ्याजवळ बसल्या. मास्तरांचं नाव तेवढं काढून टाका, एवढंच मागणं. मी म्हटलं, अहो, त्यांनी आत्ताच एका बाईंना उत्तर दिलंय. काकू म्हणाल्या, घरात कॉम्प्युटर नाही, त्यांच्या हातात फोन नाही आणि वर्षभरात ते एक शब्द बोललेले नाहीत. मग माझा हात धरून म्हणाल्या, एकदा येऊन बघ.

२१ मार्च
दुपारी जाऊन आले.

मास्तर खुर्चीत होते. मांडीवर घोंगडी, आणि घोंगडीवर दहाही बोटं चाललेली, टकटक, टकटक. बोटांखालची लोकर झिजून आतले धागे दिसत होते. मी आमचं प्रश्नोत्तरांचं पान उघडून माझा फोन त्यांच्या शेजारी ठेवला. बोटं थांबली, आणि फोनवर उत्तर उमटलं. खाली त्यांचं नाव. लगेच बोटं पुन्हा सुरू. डोळे लाल, कोरडे, मिटतच नाहीत. काकू त्यात औषधाचे थेंब घालतात. एक उत्तर संपून दुसरं सुरू व्हायच्या आत घास भरवतात.

घरी येऊन आत्याला काहीच सांगितलं नाही. तिला आधीच रक्तदाबाचा त्रास.

२२ मार्च
साहेबांना सांगितलं. ते दचकले नाहीत. माझ्या डोक्यातून तेच जात नाही. त्यांनी म्हणे केव्हाच पाहिलं होतं. वाचकांना उत्तरं हवीत, आणि मास्तर नाहीतरी रिकामेच बसले असते. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हा गृहस्थ जिवंत माणसाच्या बोटांवरचं खातो.

जेवायच्या सुट्टीत ते खाली गेले, तेव्हा मी मास्तरांचं खातं पुसून टाकलं. त्यांचं नावही सगळ्या लेखांवरून काढलं.

२३ मार्च
काकूंचा फोन आला. काल दुपारीच हात थांबले. मास्तर स्वतःच्या हाताने जेवले, काकूंना लाडाच्या नावाने हाक मारली, खूप बोलले. मग म्हणाले, झोप येतेय. सकाळी उठलेच नाहीत.

काकू रडत म्हणाल्या, तुझे उपकार आहेत. ते उपकार कुठे ठेवू, मला कळत नाही.

२६ मार्च
साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जुने लेख बिननावाचे कसे ठेवायचे म्हणून त्यांनी सगळ्यांवर माझं नाव घातलं. वर फोटोही. माझी परवानगी कोण विचारतो! आत्याने मात्र शेजारणीला बोलावून फोटो दाखवला.

१ एप्रिल
माझ्या नावाने उत्तरं जात आहेत. मी लिहिलेली नाहीत. भाषा माझीच, सल्लेही बरोबर.

आज भांडी घासताना माझी बोटं पाण्यात आपोआप हलत होती.

३ एप्रिल
माझं नाव काढायला गेले तर पासवर्ड बदललेला. राजीनामा दिला. साहेबांनी तो हसून घेतला. म्हणाले, घरीच आराम करा, काम काय, चालूच राहील.

७ एप्रिल
डॉक्टर म्हणतात, शीण आहे. आत्याने माझा उजवा हात टॉवेलने खुर्चीला बांधलाय. डाव्याने लिहितेय, तोही मधूनच निसटतो. डोळे जळतात. मिटत नाहीत.

आत्या म्हणते, त्या मास्तरांचं असंच होतं का? मी हो म्हटलं, नाव काढल्यावर हात थांबले एवढं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. ते बरे झाले, असंच तिने धरलंय.

९ एप्रिल
तोंडातून शब्द — नाही. आत्या घास भरवते. मध्येच उत्तर — मग घास —

नाव काढलं तर — नाही काढलं तर —

१० एप्रिल
आत्या सकाळीच साहेबांकडे गेली होती. त्यांच्या पाया पडली असेल. खूश होऊन आली. नवी मुलगी आजच रुजू होतेय, माझ्या नावाची आता गरज नाही, ते दुपारपर्यंत काढून टाकतो म्हणाले. भला माणूस आहे गं, असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. गुणगुणतेय.

तिला थांबवायला — जीभ उचलत नाही — कागद दाखवीन — डाव्या हाताने —

आत्या, फोन कर त्यांना — म्हणावं, काढू —

बोटं थांबली.

भूक लागलीय. केवढी तरी. आत्याला हाक मारली, आवाज निघाला. ती हातातलं टाकून धावत आली, रडते, हसते, माझे गाल कुरवाळते. ताट आणायला गेलीय. आली की सांगते. आधी सगळं सांगते, फक्त जरासे डोळे —