आवाज नेहमीचा

बडोदे,
१२ जून १९९९

चि. मधूस ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सारे ठीक. तिकडचे कळत नाही, म्हणून लिहिते. चार रविवार तुझा फोन नाही. मेमध्ये शेवटचा आला तेव्हा मी सांगितलं, सुजयच्या रेवाला पहिला दात आला. तर तू म्हणालास, यंदा राजेळी केळीचा घड लहानच आहे. सुजय खूप हसला. मला हसू आलं नाही.

लहानपणी ओटीवर बसून, नुसत्या रहाटाच्या करकरीवरून, विहिरीवर कोण आलंय ते तू सांगायचास. तू पैज हरल्याचं मला आठवत नाही. म्हणून सरळच विचारते. कानाचं काही आहे का? विनयाला विचारलं असतं, पण नवऱ्याची चुगली ती करायची नाही. मी मात्र तुझ्या चुगल्या करतच मोठी झाले.

माया आहेच, उत्तर लिहून ती वाढव.

तुझी,
ताई


गिरीज,
२६ जून १९९९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. डावा कान गेला, उजवा चालला आहे. तीस वर्षं भट्टीच्या गडगडाटात काढली. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. विनयाला ठाऊक आहे. कारखान्यात कुणालाच नाही.

आणि अडचण तिथेच आहे. भट्टीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या कडेला तेलाने भरलेली एक पेटी असते. तिला टॅप चेंजर म्हणतात. विजेचा दाब कमीजास्त करायचा झाला की पेटीतला संपर्क एका घरावरून दुसऱ्या घरावर उडी मारतो, दिवसातून कितीतरी वेळा. पेटी धडधाकट असेल तर एकच स्वच्छ ‘खट्’ येतो. आतले संपर्क झिजले की त्याच्या मागोमाग दुसरा, बारीक आवाज येतो. लाकडी दांड्याचं एक टोक पेटीला, एक कानाला लावून मी तो ऐकतो आणि वहीत लिहितो, आवाज नेहमीचा. तो दुसरा आवाज वेळेवर कळला म्हणून दोनदा पेटी उघडून वाचवली. तेव्हापासून माझ्या कानाचं कौतुक.

गेल्या महिन्यात जयवंत नावाचा इंजिनिअर आला होता. पेटीवर एक यंत्र बसवा, ते हाच आवाज आठ प्रहर ऐकेल आणि कागदावर रेघ काढेल, असं त्याचं म्हणणं. साहेब माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. मला कळलं नाही. सगळे हसत होते, मीही हसलो आणि मान डोलावली. पाळी सुटल्यावर फेबियन तेच कौतुकाने पुन्हा सांगत होता, तेव्हा कळलं. मधूभाऊंचा कान असताना यंत्र कशाला, खरं ना, असं साहेबांनी विचारलं होतं. जयवंत यंत्र घेऊन परत गेला.

मार्चला मी निवृत्त होतो. आता जाऊन खरं सांगू का? तू म्हणशील तसं करीन.

तुझा धाकटा,
मधू


बडोदे,
५ जुलै १९९९

चि. मधूस अ. आ.

सांगू नकोस. न बोललेलं खोटं हेही खोटंच, असं शाळेत सिस्टर म्हणायच्या. साठी ओलांडल्यावर त्यांचा शब्द मोडते आहे. पण ज्या कानासाठी सगळे तुला मान देतात, त्याच कानापायी शेवटचे आठ महिने तुला कोपऱ्यात बसवतील, ते मला सोसणार नाही.

फेबियन तुझ्याच पाळीत आहे ना? चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, समजूतदार, असं तूच लिहायचास. मी जाण्याआधी तुला शिकवून ठेवतो म्हण आणि दांडा त्याच्या हातात दे. कान त्याचा, अक्षर तुझं. आठ महिने बघता बघता सरतील.

सुकेळी उरली असतील तर विनयाला म्हणावं थोडी पाठव. रेवाला आता चार दात आहेत, हे या खेपेला नीट वाच.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई


गिरीज,
३ नोव्हेंबर १९९९

ती. ताईस शि. सा. न.

कुशल लिहीत नाही. अठरा ऑक्टोबरला पेटी फुटली. दांडा लावून फेबियन उभा होता. उकळतं तेल त्याच्या अंगावर आलं. चौथ्या दिवशी गेला.

तीन दिवस तो मला म्हणत होता, मधूभाऊ, मागनं काहीतरी येतंय, तुम्ही एकदा बघा. मी दांडा घेतला, डोळे मिटले, आणि काही नाही म्हणालो. खरंच काही नव्हतं गं ताई. पहिला खट्‌सुद्धा नव्हता. मग माझेच कान फुटले असतील, असं म्हणून तो हसला. मी वहीत लिहिलं, आवाज नेहमीचा.

चौकशीत ती वही निघाली. वहीत काही नाही, म्हणजे पेटीने आधी इशारा दिला नव्हता, दोष कुणाचाच नाही, असं ठरलं. मी साहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते काय म्हणाले ते मला कळेना, तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दाखवलं की आता बोलून तो परत यायचा नाही. मग चिठ्ठी फाडली.

काल नायगावला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, लिडियाला, सांगितलं. कान, मान डोलावली ते, शिकवण्याचं सोंग, सगळं. ती खूप वेळ बोलत होती. तिची सासू कॅथरिन बाजूला जमिनीकडे बघत बसली होती. मी खिशातली डायरी आणि पेन पुढे केलं, लिहून दे म्हणालो. लिडियाने पेन घेतलं नाही. शिव्या होत्या की आणखी काही, ते मला आता कळायचं नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही.

मधू


बडोदे,
१० नोव्हेंबर १९९९

चि. मधूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

नाव का घेतलं नाहीस? दांडा त्याच्या हातात द्यायचं तुझ्या मनातही नव्हतं. तू खरं सांगू का म्हणून विचारलं होतंस. जुलैचं माझं पत्र तुझ्याकडे असेलच, तू कधी पत्र फाडून टाकत नाहीस. ते लिडियाला नेऊन दे. तुझ्याच्याने होत नसेल तर ठेव, मी शनिवारी पोचते आहे, मीच नेईन.

तिने तुला जे सांगितलं ते तिला पुन्हा सांगावं लागेल. माझे कान शाबूत आहेत. मी परत आल्यावर, ती काय म्हणाली ते मला विचारू नकोस. मी तुला ते लिहून देणार नाही.

लोभ ठेव, असं या खेपेला लिहीत नाही.

प्रेमलता