बेल्दिबीची कपार

विश्रामबाग, सांगली
ता. ८ जानेवारी १९७४

तीर्थरूप नानाकाका यांस, सुलाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आमचे सर काही विद्यार्थ्यांना घेऊन तुर्कस्तानात बेल्दिबी या गावी निघालेत. तिथं समुद्राकाठच्या डोंगरात एक कपार आहे. हजारो वर्षांपूर्वी लोखंड ठाऊक नसलेली माणसं तिथं राहत. भिंतीवरची त्यांची चित्रं आम्ही कागदावर उतरवून घेणार. माझं नाव आहे. पण वडील म्हणतात आईला विचार, आणि आई नको म्हणते. मुलींनी सातासमुद्रापार जावं, असं तुम्ही गावोगावच्या सभांत गर्जता. तेच एकदा आपल्या चुलीपुढं गर्जा. महिनाअखेर होकार आला नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाईल.

तुमची माया आहे तशी राहू द्यावी.
सुला

जत, ता. १३ जानेवारी

चि. सुलास अनेक आशीर्वाद, वि. वि.

गर्जलो. ज्ञान ही कुणाच्या बापाची मिरास नाही, मेंढरं राखणाऱ्याच्या लेकीचाही त्यावर हक्क आहे, असं ठणकावलं. शेजारच्या रंगूबाईनं टाळ्या वाजवल्या. वहिनी भाकरी थापत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, की पोरगी निजणार कुठं आणि संगं बाईमाणूस कोण. हे तू लिहिलंच नव्हतंस. भरल्या सभेत असलं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. लगेच लिही.

हसून झालं की आमच्यावर लोभ धर.
नाना

विश्रामबाग, ता. १७ जानेवारी

ती. नानाकाकांस सा. न.

हसून झालं. निजायचं गावातल्या एका घरात, सरांच्या पत्नी सोबत आहेत. दिवस मात्र कपारीत. आईला सांगा, वर दगडाचं छप्पर आहे, झड आत येत नाही. जमिनीत चुलींची राख सापडली आहे, थरावर थर. सर म्हणतात, माणसं पुन्हा पुन्हा तिथं मुक्कामाला येत असणार.

उत्तराची वाट पाहते. राग नसावा.
सुला

जत, ता. २१ जानेवारी

चि. सुलास आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. चुलीच्या राखेचं वहिनींनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आवं भावजी, हे आधी का न्हाई सांगितलं? सुला माझी कपारीतच झाली. मेंढरं आडोशाला, भाईर पाऊस, आन् सुईण तानुबाईनं तितंच पाणी तापवलं. तिला कपारीचं कसलं भ्या?"

मी त्या वर्षी शिकायला बाहेर होतो. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सरांना होकार कळव. वहिनींचं एक काम मात्र करून ये: त्या कपारीत बाळंतीण कुठल्या अंगाला निजवत होते, तेवढं बघायला सांगितलंय.

आमचा सगळ्यांचा लोभ बरोबर ने.
नाना