परत येणाऱ्यांसाठी तरतूद

११ मार्च

काल अर्थसंकल्प मांडला गेला आणि आज सकाळी मुरारीभाऊंचा फोन. वाचनालयाचे कार्यवाह. "मॅडम, शनिवारी सहा वाजता. नेहमीप्रमाणे."

नेहमीप्रमाणे! म्हणजे हॉल तोच, खुर्च्या त्याच, कॉफी तीच आणि — इथे लिहायला काय हरकत आहे — व्याख्यानही तेच. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते तेव्हापासून दर मार्चमध्ये मी महाडकरांना राज्याचा अर्थसंकल्प समजावून सांगते. आकडे बदलते. विनोद दोन आहेत. एकाला लोक हसतात.

निवृत्त झाले तरी मान अजून माझ्याकडेच. दुसरं कुणी तयार होत नाही हे कारण असेल. पण मान तो मान.

१३ मार्च

होळी. चैत्राली पुण्याहून आली. फूड टेक्नॉलॉजी शिकून बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटी बघते. न्यायला-आणायला कंपनीची बस, विमा, दिवाळीला बोनस — हे सगळं मी भाजीवालीलाही सांगून झालंय.

म्हणाली, "आई, परवा तुझं व्याख्यान ना? मी येते." आजवर कधी आली नव्हती. बहुधा कीव आली असावी.

१५ मार्च

झालं एकदाचं. मुरारीभाऊंनी "आपल्या महाडच्या अर्थमंत्री" अशी ओळख करून दिली. दरवर्षी देतात, दरवर्षी मी लाजते.

पण आज बोलले छान! म्हटलं, मुंबईत तरतूद झाली म्हणून पोलादपूरचा डोंगर आपोआप हिरवा होत नाही. डोंगरी तालुक्याला काय लागतं? न जाणारी वीज. बारा महिने उघडा राहणारा घाट — दर पावसाळ्यात वरंधचा रस्ता बंद, मग भोरकडे माल जायचा कसा? आणि फळप्रक्रियेसारख्या छोट्या उद्योगाला अनुदान. सरकारने इथे घातलेला रुपया इथेच चार हातांतून फिरला, तर त्याला विकास म्हणायचं. नाहीतर ठेकेदार बाहेरचा, मजूर बाहेरचे, सिमेंट बाहेरचं; आपल्या वाट्याला फक्त धूळ. (इथे हसले.)

मग आवाज चढला. "अनुदान आहे! पण घ्यायला माणूस नाही, म्हणून पैसा परत जातो! कोण पाठवतं तो परत? आपणच! आपली शिकलेली मुलं परत आली पाहिजेत!" टेबलावर मूठ आपटली. माइक किंचाळला. टाळ्या.

कॉफीच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, अंगावर काटा आला." त्यांचे दोन्ही मुलगे न्यू जर्सीला आहेत.

चैत्राली शेवटच्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होती. मला काय आनंद झाला!

२३ मार्च

तिने राजीनामा दिला.

२४ मार्च

काल पुढे लिहवेना.

फोनवर म्हणाली, "आई, तूच म्हणालीस ना, परत या म्हणून?" अगं, ते सर्वसाधारण विधान होतं! व्याख्यानातलं! शिकलेली मुलं म्हणजे — लोकांची.

तिचा बेत ठरलाय. पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला आमच्या सासरचं गाव आहे, तिथली आमची जमीन रावजी कसतो. तिथे शेड घालायची. करवंदं आणि फणस. सरबत, गर, सुकवलेले गरे. तेच अनुदान, पण त्याला आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं. योजनेचा एकूणएक तपशील तिने कुठून घेतला? माझ्या व्याख्यानातून.

श्रीधर आमच्या औषधाच्या दुकानातून जेवायला आले, लेकीचा बेत ऐकला आणि ताटावरून उठले. "एवढं शिकून करवंदं विकणार? आणि तू! तुझं व्याख्यान आजवर कुणी मनावर घेतलं नव्हतं, नेमकं हिलाच घ्यायचं होतं?" मुद्दा बरोबर होता.

२ एप्रिल

चैत्राली सामानासकट घरी. बाप-लेक बोलत नाहीत. मी दोन्हीकडे निरोप पोचवते.

आज एक गोष्ट केली. महाडमधल्या कुठल्याही ऑफिसात जा, टेबलामागे माझा एखादा विद्यार्थी असतोच. बँकेत कर्जाची प्रकरणं सुहास बघतो. त्याला फोन केला.

"सुहास, चैत्रालीचं प्रकरण येईल तुझ्याकडे. जरा कडकपणे बघ."

त्याने हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे... करायचं नाही?"

"मी असं म्हटलं नाही."

"हो मॅडम." वर्गात म्हणायचा तस्संच.

लोक मंजुरीसाठी वशिला लावतात. नामंजुरीसाठी लावणारी महाडात मी पहिलीच असेन. बायका देवाला नवस बोलतात, मी बँकेला बोलले. पण माझं काय चुकलं? कर्ज मिळालं नाही तर चार दिवस रडेल, पुण्याला जाईल, लग्नाचं बघता येईल. डोंगरात तारुण्य घालवण्यापेक्षा बरं.

संध्याकाळी तिने प्रकल्प अहवाल तपासायला दिला. तपासला! माझ्याच्याने चुकीचं काही बघवत नाही. विक्रीचा अंदाज फुगवला होता, तो खाली आणला. बाजारपेठेचा भाग नव्याने लिहून काढला. अहवाल इतका चांगला झाला की मलाच धास्ती वाटली.

२० एप्रिल

चैत्राली मला गावी घेऊन गेली. रावजी अंगणात उभाच होता. "वैनी, पोरीला पुन्यात करमत नाय काय?" म्हटलं, तिलाच विचार.

त्याची बायको साळूबाई वर्षानुवर्षं घाटात करवंदं विकायची. "बोगदा झाला न् गाड्या तिकडनं जायला लागल्या. घाटात पाटी घेऊन बसायचं न् माशा मारायच्या. ही घेनार म्हनते, तर आमी आनू की. रानात काय, पडूनच जातात."

बोगद्याने तासाभराचा रस्ता मिनिटांवर आणला हे मी किती कौतुकाने सांगत आले! साळूबाईची पाटी त्या हिशेबात कुठे नव्हती.

त्यांची सून रेश्मा मोठी चटपटीत. नालासोपाऱ्याहून नवऱ्यासकट परत आलीय. "मॅडम, टेन्शन नाय. मी तिथं पॅकिंगला होते. मशीन मी चालवीन. फकस्त लाईट टिकली पायजे." मग चैत्रालीला, "तू सही कर गो, बाकी आपन बघू." दोघी शेडची जागा पावलांनी मोजत हिंडल्या. चैत्रालीचं नाक उन्हाने लाल झालेलं, केसांत गवत, आणि ती मोठमोठ्याने हसत होती. पुण्याहून यायची तेव्हा नुसती झोपायची.

  

४ मे

स्वयंपाकघराचा कारखाना झालाय. रेश्मा दोन पाट्या करवंदं घेऊन आली. ओटा, गाळण्या, दाराच्या कड्या, माझा चष्मा — सगळीकडे चीक. सरबत चौथ्या खेपेला जमलं. काय रंग!

परवा श्रीधर म्हणाले, "औषधाच्या दुकानात सरबत ठेवणार नाही." दुसऱ्या दिवशी मी गेले तर खोकल्याच्या औषधाशेजारी सहा बाटल्या. चारच्या सुमाराला दोन उरल्या. "गिऱ्हाइकं मागतात, त्याला मी काय करू?" म्हणाले. चैत्रालीला मात्र काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. दोघं एकाच मातीचे.

मला अभिमान वाटतो तिचा. लिहून ठेवते. कंपनीच्या बसचा वाटायचा त्याहून कितीतरी जास्त.

१० मे

सुहासला फोन करायला हवा.

१४ मे

केला नाही. काय सांगू? "कपात सूचना मागे घेते"? विधानसभेत हे उभं राहून एका वाक्यात करतात. माझी मेलीची जीभ टाळ्याला चिकटते.

१९ मे

केला.

"मॅडम, मी तर प्रतिकूल शेरा मारून वर पाठवलं. तुम्हीच म्हणालात ना—"

"मी असं म्हटलं नव्हतं!"

"हो मॅडम."

मग त्यानेच सांगितलं: अहवालात खोट सापडेना. बाजारपेठेचा भाग तर फारच पक्का होता. शेवटी मी वर्गात लिहून दिलेलं एक वाक्य त्याला आठवलं, ते शेऱ्यात घातलं — डोंगरी भागात मालाच्या उठावाची शाश्वती नसते. वरच्यांना पटलं. आता मागे घेता येत नाही. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

चाळीस मिनिटांच्या तासाला झोपणारा हा मुलगा. नेमकं तेवढंच वाक्य जागेपणी ऐकलं होतं त्याने!

३ जून

नामंजूर. चैत्रालीने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, रेश्माला फोन लावला आणि बोलता येईना म्हणून माझ्या हातात दिला. रेश्मा पलीकडून, "हॅलो? काय झाला गो? हॅलो?"

नंतर चैत्राली ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आई, बाबांनी तर काही सांगितलं नसेल ना बँकेत?"

आता सांगायचं, हे मला कळत होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, "छे, ते कशाला सांगतील." असं म्हणाले की कुणालाही वाटावं, सांगितलं असेल.

धन्य आहे माझी! मला स्वतःची किळस आली.

२४ जून

श्रीधर विचारतात, "ही माझ्या हातचा चहासुद्धा का घेत नाही गं?" मी म्हटलं, दमलीय.

११ जुलै

पोलादपूर तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले होते. तिथला साहेबही माझाच विद्यार्थी. चैत्रालीसाठी दुसरी काही वाट आहे का विचारलं. म्हणाला, "मॅडम, पोलादपूरमधून एकही प्रकरण मंजूर झालं नाही. एकच चांगलं होतं, ते बँकेत पडलं. मग आपल्या वाट्याचं उद्दिष्ट, पैशासकट, दुसऱ्या तालुक्याला दिलं."

घरी येते तर मुरारीभाऊंची चिठ्ठी. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख हवाय: 'निधी परत का जातो?' खाली लिहिलंय, "या विषयावर आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

अगदी खरं.

१६ जुलै

वडोदऱ्याच्या कंपनीकडून तिला बोलावणं आलंय. आज तिसऱ्यांदा खरं सांगायचं ठरवलं. ती बॅग भरत होती. "आई, शेंगदाण्याची चटणी दे थोडी," म्हणाली. चटणी कुटत बसले.

२० जुलै

चैत्राली सकाळच्या एसटीने गेली. श्रीधर स्टँडवर बॅग घेऊन उभे होते. तिने ती त्यांच्या हातून काढून घेतली. मग खिडकीतून माझा हात धरला. "सगळे हसत होते गं. तू एकटी माझ्या बाजूने उभी राहिलीस."

मी म्हटलं, पोचलीस की फोन कर.