हात वर केलेली माणसं

प्रिय ओबेडाया,

'प्रिय' लिहिताना आज लेखणीचं पीस कागदावर अडकलं. पण दुसरं काय लिहू? आई गेल्यावर तुला मीच भरवलं, न्हाऊ-माखू घातलं, तेव्हा तो शब्द काही सुटत नाही. राग मात्र आहे, आणि तो गोड शब्दांत गुंडाळायला मी काही तुझ्यासारखी पाद्री नाही.

घरची खुशाली आधी सांगते. खालच्या शेतातलं पाणी अजून ओसरलेलं नाही. ईल मासे यंदा भरपूर, बार्ली मात्र कुजली. गर्व्हेजचा, तुझ्या दाजींचा, खांदा हाडवैद्याने बसवला, पण हात डोक्याच्या वर जात नाही. चुलीत जाळायची दलदलीतली माती, आपलं पीट, खणायला जातो आणि फावडं टेकून उभा राहतो. तो कधी शिव्या देत नाही, म्हणून त्याच्या वाट्याच्या मी देते. त्यातल्या बऱ्याच तुझ्या नावाने असतात.

'दाजींनी हट्ट केला, त्याची फळं भोगताहेत,' असा निरोप तू गिरणीवाल्याबरोबर धाडलास. हट्ट म्हणतोस त्याला? तू त्या पलटणीचा धर्मोपदेशक होण्याआधीची एक गोष्ट ऐक. गर्व्हेज तेव्हा तिथे लेफ्टनंट टॉली होता. त्याच्या तुकडीतल्या जेरेटने एका विधवेची मेंढी पळवली. गर्व्हेजने ना त्याला फटके दिले, ना प्रवचन. एवढंच म्हणाला, "आणलीस तशीच पोचवून ये. खांद्यावरून." मेंढी चांगली गलेलठ्ठ, वर पाऊस. सगळी तुकडी रस्त्याकडेला उभी राहून ओरडत होती, "अरे जेरेट, लग्न कधी? नवरी तर खांद्यावर घेतलीस!" जेरेटसुद्धा शेवटी हसला. म्हातारीने त्याला चुलीपाशी बसवून गरम बिअर पाजली. त्यानंतर त्या तुकडीने कुणाचं अंडंसुद्धा उचललं नाही. गावोगावच्या बायका म्हणायच्या, राजाची माणसं आली की दारं लावा, पार्लमेंटची आली तरी लावा, पण टॉलीची तुकडी आली तर लावू नका.

मग तू ती शपथ घेऊन आलास. राजाविरुद्ध लढायला स्कॉटलंडवाले पार्लमेंटच्या मदतीला येणार, म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक सैनिकाने त्यांच्या रीतीच्या चर्चसाठी हात वर करून देवाची शपथ घ्यायची. गावोगाव कोंबड्या लुटणाऱ्या कॅप्टन पिकरेलने म्हणे दोन्ही हात वर केले आणि डोळ्यांत पाणीही आणलं. मागून कुणी पुटपुटलं, "एक हात राजाच्या कोंबड्यांसाठी, एक पार्लमेंटच्या." हसले सगळे, आणि सगळ्यांनी हात वर केले. गर्व्हेजचा हात तेवढा खाली राहिला. घरी तू त्याला दाजी म्हणतोस. तिथे म्हणालास, "लेफ्टनंट टॉली, फौज वाट बघतेय." तो म्हणाला, "ओबेडाया, पार्लमेंटसाठी मान द्यायला तयार आहे मी. पण देवाला कुठल्या रीतीने भजायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं आणि माझ्याकडून वदवून घ्यायचं, हे जमायचं नाही. शिवाय शपथ मी कसलीच घेत नाही. माझं हो म्हणजे हो." तुला ठाऊक होतं की तो असाच आहे. जाणत्या वयात, समजून-उमजून त्याने आपल्या नदीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा काठावर त्याचे कपडे धरून तूच उभा होतास. तरी तू कर्नलला सांगितलंस की असा माणूस फौजेत राहिला तर देव विजय देणार नाही. तुझ्या देवाला एवढं कळत नव्हतं का, की शपथेने तुकडी सरळ चालत नाही? ज्याला ती सरळ चालवता येत होती, त्यालाच तुम्ही काढलंत आणि पिकरेलच्या हाती ती सोपवलीत. तोंडात देव आणि काखेत कोंबडी, अशी ती फौज झाली.

गर्व्हेज घरी आला नाही. सामानाच्या गाड्या हाकायला राहिला. गाडीवानाला कुणी धर्म विचारत नाही. म्हणूनच त्या दिवशी तो पाणचक्कीपाशी होता.

आता जे लिहिते ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माहीत नसल्यासारखा तू वागतो आहेस. लढाई हरून राजाची माणसं पळाली. मागे त्यांच्या बायका राहिल्या, भांडी, पोती आणि भिजलेली अंथरुणं घेऊन. वेल्श होत्या त्या. आपली भाषा एकीलाही येत नव्हती. कुणीतरी ओरडलं, "आयरिश आहेत! पोपच्या बटकी!" पिकरेल घोड्यावरून म्हणाला, "खऱ्या धर्माच्या असतील तर प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवतील." हात जोडून खुणेने सांगितलं, तशा त्या गुडघे टेकून बसल्या आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली, त्यांच्या वेल्श भाषेत. "ऐका, मंत्र मारतायत!" कुणीतरी म्हणालं, आणि सुऱ्या निघाल्या.

दारूगोळ्याच्या गाडीवर तू उभा होतास, ओबेडाया. गर्व्हेज ओरडला, "सांग त्यांना! आपलीच प्रार्थना आहे ती!" केंब्रिजला तुझ्या खोलीत एक वेल्श मुलगा होता ना, रोज झोपताना हीच प्रार्थना म्हणणारा? सुट्टीत घरी आलास की त्याची हुबेहूब नक्कल करून तू बाबांना हसवायचास. पहिल्या ओळीलाच तुला ती कळली असणार. तू गर्व्हेजकडे बघितलंस, पिकरेलकडे बघितलंस आणि खाली पुस्तकात बघू लागलास. गर्व्हेजने गाडी मध्ये घातली. बंदुकीचा दस्ता त्याच्या खांद्यावर बसला. मारणारा जेरेट होता. संध्याकाळी तू विजयाबद्दल देवाचे आभार मानणारं प्रवचन दिलंस.

त्या बायकांतली ग्वेनलियन आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. गर्व्हेजने तिला गाडीत पोत्यांखाली घालून आणलं. तिचं नाक चिरलंय आणि ओठही. तिची बहीण तिथेच राहिली, त्या चिखलात. आम्हाला एकमेकींचा शब्द कळत नाही. भाकरीचं पीठ मळताना ती मध्येच थांबते, मग मी मळते.

हे सगळं कर्नलच्या कानावर गेलं आणि चौकशी बसली. गर्व्हेज दुखऱ्या खांद्याने तिथवर चालत गेला. कारकुनाने पुढे बायबल केलं. गर्व्हेज म्हणाला, "शपथ घेत नाही, पण घडलं ते सांगतो." कारकून म्हणाला, "शपथ नाही, तर साक्ष नाही." ग्वेनलियन शत्रूकडची, तिचं कोण ऐकणार? पिकरेलने शपथेवर सांगितलं की बायकाच सुऱ्या घेऊन धावून आल्या आणि धर्मोपदेशक तर पार मागे होते. गर्व्हेज घरी आला आणि फावडं घेऊन पीट खणायला गेला. मी मात्र गप्प बसले नाही. शाल गुंडाळली आणि तडक कर्नलच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, तुमच्या पाद्रीला ती प्रार्थना येते. त्याने ती ऐकलीय, आणि सगळ्या पलटणीआधी शपथ त्यानेच घेतलीय. त्याला विचारा."

तुझं नाव मीच दिलंय, ओबेडाया. तुला न्यायला शिपाई येतील. ते येण्याआधी हे माझ्याकडून तुला कळावं, म्हणून हे पत्र. ते तुझ्यापुढे पुस्तक धरतील आणि तू हात वर करशील. त्यानंतर जर म्हणालास की मी काही पाहिलं नाही, तर ह्या घरी येऊ नकोस आणि मला बहीणही म्हणू नकोस. खरं बोललास तर पिकरेलचे सोबती तुला सुखाने जगू देणार नाहीत, तुझं पद जाईल आणि शपथ न घेणाऱ्याची बाजू घेतलीस म्हणून स्कॉटलंडवाले तुला पाखंडी म्हणतील. म्हणू देत. मग सरळ इकडे निघून ये. पीट खणायला घरात माणूस हवाच आहे.

तुझ्यावर संतापलेली आणि तरीही तुझीच,
थॉमसिन