पाटावरची कुपी

खंडेनवमी, सायंकाळ. छत्रपती संभाजीनगर

क्रमाने लिहिते. सकाळी मी बैठकीला गेले. मागे प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा मांडली गेली. माझी संशोधक विद्यार्थिनी वैशाली हिने फ्रीझरमधील मानवी प्रथिनाची कुपीही पाटावर ठेवली. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या या प्रथिनाशिवाय तिच्या पेशी वाढत नाहीत. दुपारी परतले तेव्हा आतले गोठवलेले प्रथिन वितळले होते, म्हणजे आता त्याचा भरवसा राहिला नव्हता, आणि झाकणावर कुंकवाचा ठिपका होता.

"अगं, ही काय पूजेत ठेवायची वस्तू?"

"मॅडम, आपल्याकडं हिच्याहून मोलाचं काहीच नाय," ती रडवेली झाली. "म्हणून ठेवली."

रागवायचे तेवढे रागावले. पण तो ठिपका... किती निगुतीने, नेमका मधोमध लावलेला.

विभागप्रमुख सर मात्र हसले. "मॅडम, एवढ्यानं काय बिघडतंय? घाला पेशींना. नोंदीत गोठलेलीच होती म्हणा, झालं!"

झालं? पेशी वाढल्या नाहीत, तर चूक वैशालीच्या तर्काची की वितळलेल्या प्रथिनाची, हे कोण सांगणार? तिचा प्रबंध याच प्रयोगावर उभा आहे. आणि सर हसतात!

कुपी बाजूला ठेवली आहे. ठिपका पुसलेला नाही. सरांना कळवले आहे: नव्या कुपीला मंजुरी द्यावी, नाहीतर ही कुपी सतत गोठलेली होती असे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. तोंडी काही चालणार नाही. दसऱ्याची सुट्टी असली तरी उत्तर उद्याच हवे, आणि लेखी हवे.